भैरूच्या विहिरीतली पेटी

अयुब बत्तीवाल्याच्या मेंटलांनी एका उपग्रहाचं काम बुडवलं असतं, असं निमोण्यात अजून कुणी ना कुणी म्हणतं. चहाच्या टपरीवर मी दिसलो की हमखास कुणाला तरी त्याची आठवण होते. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार? म्हणून एकदा नीट लिहूनच टाकतो. दोष माझ्या मेंटलांचा नव्हता. दोष भैरूच्या मायेचा होता, आणि त्यावर औषध नाही.

भैरू माझा लहानपणापासूनचा दोस्त. धनगराच्या घरातला. त्याच्या बापानं उभा जन्म मेंढरांमागं काढला, भैरूनंही निम्मा काढला. मग मेंढरं विकून त्यानं विहीर पाडली आणि कांदा करू लागला. माझा धंदा गॅसबत्त्यांचा, आणि मेंटल म्हणजे बत्तीच्या आत लख्ख पेटते ती कापडी जाळी. लग्नाला, वरातीला, जत्रेतल्या पालखीच्या छबिन्याला मी बत्त्या भाड्यानं देतो. गावात वीज आली तेव्हा लोक म्हणाले, अयुबभाई, तुमचा धंदा बसला. पुढं भारनियमन आलं आणि बसलेला धंदा पुन्हा उठून चालायला लागला. वीज मंडळाला दुवा देणारा तालुक्यात मी एकटाच असेन.

भैरूची धाकटी मुलगी हर्षदा. शिरूरला कॉलेज, मग पुण्याला विद्यापीठ आणि मग तिथल्याच एका संस्थेत संशोधन. पोरगी करते काय, असं कुणी विचारलं की भैरू सांगायचा, "वर ऊन किती लागतं त्ये मोजती." लोक हसायचे, पण गडी फारसा चुकला नव्हता. आपल्या अंगावर हवेचं जाड पांघरूण आहे. उपग्रह फिरतात तिथं ते नाही. तिथं सूर्याकडून आणि त्याहूनही लांबून न दिसणारे किरण येतात, यंत्रं बिघडवतात, माणूस असेल तर त्याच्या शरीराला इजा करतात. कुणाला किती मात्रा बसली ते मोजायला काहीतरी सोबत द्यावं लागतं. मोजणारी यंत्रं होती, पण जड होती, आणि वर न्यायचं म्हणजे तोळ्या-तोळ्याचा विचार. हर्षदानं साबणाच्या डबीएवढी पेटी बनवली होती. आत नखाएवढी एक चकती. किरण आला की चकतीला कळायचं, आणि पेटी तो वेळेसकट ध्यानात ठेवायची.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. एका लहानशा उपग्रहात कोपऱ्यातली थोडी जागा रिकामी होती आणि ती हर्षदाच्या पेटीला मिळेल असं दिसत होतं. दिवाळीनंतर तपासणीची समिती बसायची होती. त्याआधी तिला एक गोष्ट सिद्ध करून दाखवायची होती, ती म्हणजे आजूबाजूला किरण जवळपास नसतील तेव्हा पेटी गप्प बसते. उगीच बडबडणाऱ्या पेटीवर कोण भरवसा ठेवणार?

आता किरण नाहीत अशी जागा आणायची कुठून? ते दगडमातीतूनही थोडे थोडे निघतात. पण हर्षदानं सांगितलं की आपल्या काळ्या कातळातून त्यातल्या त्यात कमी निघतात, आणि वरून येणारे खोल पाण्यात बरेचसे अडतात. म्हणजे काळ्या कातळातली पाण्यानं भरलेली खोल विहीर हवी. ती बापाच्याच रानात होती. ज्या कातळाला भैरूनं विहीर पाडताना रोज शिव्या घातल्या, तोच कातळ तो आता आल्यागेल्याला कौतुकानं दाखवायला लागला.

हर्षदानं पाणी शिरणार नाही अशा स्टीलच्या डब्यात पेटी घातली, डब्याला वजन बांधलं आणि नायलॉनच्या दोरानं तो विहिरीत खोल सोडला. दोर कडेच्या बाभळीला बांधून ती म्हणाली, "आबा, मी येईस्तोवर ह्याला हलवायचं नाही. कुणी हात लावायचा नाही. तुमच्या भरवशावर ठेवून चाललीय."

"तुझी आन," भैरू म्हणाला.

आणि त्यानं राखण केली ती अशी केली की काही विचारू नका. पोहायला येणारी पोरं काठी बघून लांबूनच वळायला लागली. जेवण विहिरीवर, दुपारची झोप विहिरीवर. त्याची बायको म्हाळसावहिनी एकदा मला म्हणाली, "माझ्या बाळंतपनात ह्यो मानूस येवढा जागला न्हाई कवा."

एक दिवस हाच माणूस माझ्या दुकानात येऊन बसला. चहा दिला तर पिईना.

"अयुब, ती पेटी परमुलखाला चाललीया," तो म्हणाला.

"परमुलखाला कशाची? वर चाललीया."

"त्येच त्ये. आन् अजून देवाला न्हेली न्हाई."

मला त्याचं दुखणं लगेच कळलं. पाऊसकाळ सरला की धनगरांची बिऱ्हाडं मेंढरं घेऊन कोकणाकडं निघायची, चार-पाच महिने परत यायची नाहीत. निघण्याआधी जे जे पहिल्यांदा घर सोडणार, मग ते कोकरू असो, कुत्र्याचं पिल्लू असो की हातातली नवी काठी, ते जेजुरीला न्यायचं, खंडोबाच्या पायाला लावायचं, भंडारा लावायचा, आणि मगच उंबरा ओलांडू द्यायचा. भैरूच्या घरातून इतक्या वर्षांनी पहिल्यांदा काहीतरी लांब चाललं होतं.

"हर्षदाला इचार की," मी म्हणालो.

"इचारलं तर ती न्हाई म्हनंल."

"मग नको नेऊ."

"न न्हेता धाडली आन् वर काय इपरीत झालं, तर मी पोरीला काय त्वांड दावू? एका दिसाचं तर काम हाय. सकाळी काढायची, सांजच्याला पुन्यांदा सोडायची. पान्याला तरी कळंल का?"

पाण्याला कळलं नसतं, हे खरं. भैरूशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मेंढराला वाट समजावून सांगता येत नाही, मागं मागं जावं लागतं. माझी जेजुरीजवळच्या एका जत्रेची ऑर्डर होती, बत्त्या नुसत्या पोचवून यायच्या होत्या, आणि तीही नेमकी रविवारी, देवाच्या वारी. भैरू सकाळीच टेम्पोपाशी हजर झाला. डबा घोंगडीत गुंडाळलेला, आणि दोन्ही हातांनी छातीशी धरलेला.

वरवंडला थांबून मी व्यापाऱ्याकडून मेंटलांचं नवं खोकं घेतलं. मेंटल म्हणजे बत्तीच्या आत लख्ख पेटते ती कापडी जाळी. एका खोक्यात शेकडो पाकिटं. चौफुल्याला हमरस्ता सोडून सुप्याकडं वळलो आणि खड्डे सुरू झाले. दर खड्ड्याला भैरू डबा मांडीवरून वर उचलायचा, जसा काही दणका त्यालाच बसणार होता. थोड्या वेळानं त्यानं मला टेम्पो थांबवायला लावला. मागं जाऊन खोकं उघडलं, मधली पाकिटं बाजूला सारली, पेंढ्यात कोकराला जागा करावी तशी जागा केली आणि डबा त्यात ठेवला. वरून पुन्हा पाकिटं पसरली.

"मऊ हाय," तो मला म्हणाला. "आता निजंल निवांत."

बत्त्या पोचवल्या आणि जेजुरीला डबा तेवढा घेऊन आम्ही गड चढलो. गाभाऱ्यात गुरवानं विचारलं, "डब्यात काय हाय?"

"लेकीचं हाय," भैरू हात जोडून म्हणाला. "वर चाललंय."

गुरवानं हात झटकन मागं घेतला. त्याला वाटलं अस्थी. शेवटी मीच पुढं झालो. "म्हाराज, मशीन हाय हो, मशीन. पोरगी धडधाकट हाय." मग कुठं डबा देवाच्या पायाला लागला. भैरूनं डोळे मिटले आणि इतका वेळ मिटले की मागची माणसं ढकलायला लागली. येताना डबा पुन्हा त्याच मऊ खोक्यात. दिवस मावळायच्या आत तो विहिरीत गेला, आणि भैरू असा हलका झाला की परतीच्या वाटेवर न घेतलेला चहा त्यानं घरी दोनदा घेतला.

पंधरवड्यानं हर्षदा येऊन पेटी घेऊन गेली. पुढच्या शनिवारी पुन्हा आली, ती तोंड उतरवूनच. मी तिथंच होतो. म्हाळसावहिनीनं मलाही पान वाढलं होतं. हर्षदा भाकरीचा तुकडा नुसताच कुस्करत बसली होती.

"काय झालं गं?" वहिनीनं विचारलं.

"पेटीत खोट आहे, आई. सगळे दिवस गप्प होती. मधेच एका रविवारी सकाळी बोलायला लागली, नंतर तर ओरडायलाच लागली, आणि संध्याकाळी आपोआप गप्प. सगळं उघडून बघितलं, काही सापडत नाही. सापडत नाही ती खोट सगळ्यात वाईट. वर गेल्यावर अशी ओरडली तर खरं कुठलं आणि खोटं कुठलं? सोमवारी समितीला कळवते, माझी पेटी मागं घेते म्हणून." तिनं बापाकडं बघितलं. "आबा, मधी कुणी डबा काढला नव्हता ना?"

भैरू ताटाकडं बघत म्हणाला, "न्हाई."

"मला माहीत होतं. उगीच विचारलं," हर्षदा म्हणाली.

तिनं जरा संशय घेतला असता तर बरं झालं असतं. त्या पोरीनं चार वर्षं त्या पेटीपायी सण बघितला नव्हता, लग्नाचं बोलणं आलं की उठून जायची, आणि इथं तिचा बाप आमटीत बोट बुडवून बसला होता. माझं डोकं तापलं. मी हात धुतला आणि भैरूला ओढतच गोठ्याकडं नेलं.

"लाज हाय का तुला?" मी म्हणालो. "पोरीचं काम बुडतंय."

"मला काय ठावं असं व्हईल म्हून," तो म्हणाला. खुंटाला टेकून तो खालीच बसला. "अयुब, तिनं कवा माझ्याकडं काय मागितलं न्हाई रं. शिकली तिची तिनं. पयल्यांदा येक वस्तू माझ्या हवाली केली. आता सांगितलं तर ती पुन्यांदा काय सुदीक ठिवनार न्हाई माझ्यापाशी."

मला त्याची कीव आली आणि रागही तेवढाच आला. दोन्ही एकदम आलं की मी जोरात बोलतो, अशी माझी सवय आहे. "आन् न सांगितलं तर तिच्या पेटीवर जन्मात कुनी इस्वास ठिवनार न्हाई. तुला कोन राखायचंय, सोताला का पोरीला? जा. मी सांगायचं न्हाई. तूच सांग."

तो उठला. घरापर्यंतची वाट एवढीशी, पण भैरू ती अशी चालला की जणू पाय उसने आणले होते. हर्षदासमोर जाऊन तो उभाच राहिला.

"म्याच काढला हुता," तो म्हणाला. "देवाला न्हेला हुता. जेजुरीला. येवढ्या लांब चाललाय, म्हून."

वहिनीच्या हातातली पळी तशीच राहिली. हर्षदानं कुस्करलेला तुकडा ताटात ठेवला. मग म्हणाली, "डबा काढलात त्याचं काही वाटत नाही, आबा. मी विचारलं तेव्हा नाही म्हणालात."

भैरूनं मान खाली घातली. डोळे पुसून तिनं पिशवीतून लॅपटॉप काढला आणि पडद्यावर एक रेघ दाखवली. रेघ जमिनीलगत सरळ चालली होती. मधे ती पायरीभर चढली होती, मग तिचा उंच डोंगर झाला होता, मग खिंड, मग दुसरा डोंगर, आणि मग पुन्हा सपाट.

"विहिरीतून काढलात कधी?" तिनं विचारलं.

"दिस कासराभर वर आला हुता."

"कासराभर म्हणजे किती वाजता?" तिला आता हसू येत होतं आणि ती ते दाबत होती. पायरीवर बोट ठेवून म्हणाली, "ही बघा. हे तुमचं काढणं. एवढं तर होणारच, ती पाण्याबाहेर आली. पण हा डोंगर कशाचा? इथं काय झालं?"

मी वेळेचा हिशेब लावला. वरवंड मागं पडलं, चौफुला झाला, सुप्याच्या रस्त्याला लागलो. दुसरा डोंगर म्हणजे येतानाचा तोच रस्ता. मधली खिंड म्हणजे जेजुरी. देवापुढं पेटी गुमान बसली होती आणि माझ्या टेम्पोत कोकलत होती.

"टेम्पोत ठेवली कुठं होती?" हर्षदानं विचारलं.

"खोक्यात," भैरू हळूच म्हणाला. "अयुबच्या मेंटलात. मऊ हुतं म्हून."

हर्षदा ताडकन उठली. "अयुबमामा, आत्ता आहेत का मेंटल?"

मी दुकानातून खोकंच आणलं. तिनं पेटी लॅपटॉपला जोडली, मेंटलांवर ठेवली, आणि आमच्या डोळ्यांदेखत रेघ उभी चढायला लागली. उचलली की खाली, ठेवली की वर. ती पुन्हा पुन्हा करत बसली आणि लहानपणी करायची तसं हसायला लागली. मग आम्हाला समजावलं. मेंटलात थोरियम नावाचा धातू असतो, त्यानं उजेड पांढराशुभ्र पडतो, आणि त्यातून किरणही निघतात. भैरूनं तिची पेटी अख्ख्या तालुक्यात शोधूनही सापडली नसती अशा जागी निजवली होती.

मला मात्र ते लागलं. "उभा जन्म ह्याच हातांनी मेंटल बांधतोय मी," मी म्हणालो.

"घाबरू नका, मामा. एखाद-दुसऱ्या मेंटलाचं काही नाही. फक्त खोकं झोपायच्या खोलीत ठेवू नका, आणि बांधून झालं की हात धुवा."

माझी खोकी आमच्या खाटेखालीच असायची. घरी जाऊन हे सांगितलं तर माझ्या बायकोनं, नजमुन्निसानं, त्याच पावली खोकी बाहेरच्या पत्र्याच्या शेडमध्ये हलवली, आणि मलाही त्यांच्यासोबत पाठवायचा तिचा विचार दिसत होता.

हर्षदा एक भरलं खोकं पुण्याला घेऊन गेली. तिथं तिनं भैरूसारखीच पाकिटं सारून पेटी आत ठेवली आणि तसाच डोंगर काढून दाखवला. समितीपुढं तिनं काही लपवलं नाही. जेजुरी सांगितली, मेंटल सांगितले, बाप सांगितला. तिथले एक म्हातारे शास्त्रज्ञ म्हणे इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. पण पेटीत खोट नाही, आणि कुणी न सांगता ती खरं ते ओळखते, हे सगळ्यांना पटलं. जागा तिला मिळाली.

पेटी उपग्रहात बसवायला रवाना झाली, त्यानंतर हर्षदा गावी आली. आम्ही विहिरीवर बसलो होतो. भैरूनं विचारलं, "माघारी कवा यील ती?"

हर्षदानं माझ्याकडं बघितलं, मग त्याच्याकडं. "ती परत येत नसते, आबा. तिनं मोजलेलं सगळं खाली आपल्याकडं येईल. ती वरच राहणार. उपग्रह जुना झाला की हवेत उतरतो आणि जळून जातो. त्याच्याबरोबर तीही."

भैरू डोळे मिटून देवापुढं एवढा वेळ काय मागत होता, ते मला तेव्हा कळलं. त्याच्या घरातून कोकणात गेलेलं प्रत्येक जनावर परत यावं म्हणूनच तर भंडारा लागायचा. विहिरीतल्या पाण्याकडं बघत तो म्हणाला, "मंग बरं झालं न्हेली त्ये. तशीच गेली असती."

"हो आबा," हर्षदा म्हणाली. "बरं झालं."

मग तिनं पिशवीतून दुसरी पेटी काढली, हुबेहूब पहिलीसारखी. वरची पेटी बोलायला लागली की तिची जोडीदार खाली गप्प राहते की नाही, हे बघायचं होतं. त्यासाठी ही विहिरीत सोडायची होती, चांगली वर्षभर. हर्षदानं डबा बापापुढं धरला.

"सांभाळाल ना?"

भैरूनं हात पुढं केला नाही. "आन घेनार न्हाई मी आता," तो म्हणाला. "आधीच सांगून ठिवतो. हिची जोडीदार वर एकलीच चाललीया. सोमवती अवसेला मी हिला देवाला न्हेनार म्हंजी न्हेनार."

मला वाटलं, आता पोरगी भडकणार. ती भडकली नाही. तिनं डबा त्याच्या मांडीवर ठेवला.

"न्या," ती म्हणाली. "फक्त काढला कधी आणि परत सोडला कधी, ते घड्याळात बघून सांगा मला. कासराभर चालणार नाही."

भैरूनं जन्मात घड्याळ वापरलं नव्हतं. त्यानं माझ्या मनगटाकडं बघितलं, मग माझ्या तोंडाकडं. मी मुकाट्यानं घड्याळ काढून त्याच्या हातात दिलं. ते अजून मला परत मिळालेलं नाही.